धूर कोणाच्या खात्यात?

हवामानबदलाचा विषय निघाला की थोड्याच वेळात गाडी एका प्रश्नावर येऊन अडते: सगळ्यांत जास्त कार्बन हवेत सोडतं कोण? एक जण म्हणतो चीन. दुसरा म्हणतो, छे, अमेरिका. तिसरा कतारचं नाव घेतो आणि बाकीचे दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. तिघांचंही खरं आहे. आजच्या एका वर्षात बाहेर पडणारा धूर मोजला तर चीन पहिला. जगभर जीवाश्म इंधनं जाळून जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला जवळपास एक तृतीयांश त्याचा. औद्योगिक क्रांतीपासून आजवरची सगळी बेरीज केली तर अमेरिका पहिली, सुमारे एक चतुर्थांश. आणि देशाचा धूर माणशी वाटला तर कतारसारखे तेल-वायूवर उभे असलेले छोटे देश सगळ्यांच्या वर जातात. भारत वार्षिक बेरजेत तिसरा आहे, पण माणशी हिशेब केला तर वर्षाला दोन टनांच्या आसपास येतो, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे प्रश्न एक, उत्तरं तीन, आणि प्रत्येक देश आपल्या सोयीचं उत्तर घेऊन परिषदेला येतो. बरीच वर्षं या वाटाघाटींच्या बातम्या वाचताना माझाही गोंधळ व्हायचा. मग हळूहळू लक्षात आलं की या भांडणाचा बराच मोठा भाग विज्ञानाचा नाहीच. पृथ्वी तापते आहे, का तापते आहे, याबद्दल त्या सभागृहात बसलेल्या लोकांचं फारसं दुमत नसतं. घोडं अडतं ते धूर कोणाच्या नावावर लिहायचा इथे. हिशेबाची वही कशी आखली आहे ते कळलं की जागतिक राजकारणातल्या बऱ्याच चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून ही वही उघडून बघू.

आधी मोजतात कसं ते. प्रत्येक धुराड्याच्या तोंडाशी मीटर बसवलेला नसतो. बहुतेक ठिकाणी मोजतात ते इंधन. एका वर्षात देशात किती कोळसा, किती डिझेल, किती वायू जळला हे विक्रीच्या आणि कराच्या नोंदींवरून कळतं. त्याला ठरलेल्या आकड्याने गुणलं की धूर मिळतो. एक लिटर डिझेल घ्या. त्याचं वजन एक किलोही भरत नाही. पण ते जळल्यावर अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पहिल्यांदा ऐकताना हे चुकल्यासारखं वाटतं, कारण जास्तीचं वजन आलं कुठून? हवेतून. डिझेलमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचा अणू १२ वजनाचा, ऑक्सिजनचे दोन मिळून ३२. म्हणजे १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो वायू. रसायनशास्त्र इतकं पक्कं आहे की इंधन कळलं की धूर कळतो. जीवाश्म इंधनांचा हिशेब म्हणूनच बराच विश्वासार्ह असतो.

मिथेनचं तसं नाही. तो गुरांच्या पोटातून येतो, पाणी साचलेल्या शेतांतून येतो, कचऱ्याच्या डोंगरांतून येतो आणि तेल-वायूच्या गळक्या नळ्यांमधून येतो. गुरांची संख्या मोजून तिला सरासरीने गुणता येतं, पण गळक्या नळीची पावती कोण फाडणार? गेल्या काही वर्षांत उपग्रहांना हे गळतीचे झोत वरून दिसायला लागले. २०१७ मध्ये सोडलेल्या युरोपच्या 'सेंटिनेल-५पी' या उपग्रहाने कागदावर नसलेले मिथेनचे मोठमोठे झोत दाखवले, तुर्कमेनिस्तानातल्या वायूक्षेत्रांवरचे तर वारंवार.

मिथेनच्या बाबतीत आणखी एक निवड फार पूर्वी करून ठेवलेली आहे. वेगवेगळे वायू एकाच वहीत लिहायचे तर त्यांना एका मापात आणावं लागतं. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो, पण साधारण डझनभर वर्षांत हवेतून नाहीसा होतो. मग त्याला कितीने गुणायचं? १०० वर्षांचा विचार केला तर सुमारे २८ ने. २० वर्षांचाच केला तर ८० च्या आसपास. जगाच्या अधिकृत वहीत १०० वर्षांचं माप चालतं. ही निवड चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण तिचा परिणाम असा की मिथेन कमी करण्याचा जो फायदा पुढच्या वीस वर्षांत सर्वांत लवकर हाताशी येण्यासारखा आहे, तो कागदावर लहान दिसतो.

आता मूळ नियमाकडे. १९९२ मध्ये रिओ दि जानिरोच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार झाला आणि त्यानंतर देशोदेशींच्या नोंदींची जी पद्धत बसली, तिचा पाया एकच आहे: धूर ज्या देशाच्या हद्दीत निघाला, त्या देशाचा. साधा, समजायला सोपा आणि अमलात आणण्याजोगा नियम. सरकारचा अधिकार हद्दीपुरता, म्हणून जबाबदारीही हद्दीपुरती. पण माल हद्दीत राहत नाही, आणि गोची तिथेच होते.

पोलादाची एक तुळई डोळ्यांसमोर आणा. लोखंडाचं खनिज आणि कोळसा झोतभट्टीत घालून ती तयार झाली. अशा पद्धतीने एक टन पोलाद बनवताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तुळई जहाजात चढली, समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात गेली, तिथल्या एका पुलात बसली. पुढची शंभर वर्षं त्या पुलावरून त्या देशाची माणसं ये-जा करतील. धूर मात्र भट्टीच्या देशाच्या नावावर लागला. पूल वापरणाऱ्या देशाच्या वहीत त्या दोन टनांचा मागमूस नाही. त्या देशाने स्वतःच्या भट्ट्या बंद करून सगळं पोलाद बाहेरून मागवायला सुरुवात केली, तर त्याचा आलेख झपाझप खाली येईल आणि हवेतला धूर तेवढाच राहील. बाहेरची भट्टी जुनी आणि मळकट असेल तर वाढेलसुद्धा.

ब्रिटनचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. कोळशावरची वीज लोकांना विकणारं जगातलं पहिलं केंद्र लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालं. त्याच देशाने आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केलं. हद्दीतला धूर १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आला. हे काम खरं आहे. वीजकेंद्र खरंच थंड झालं, वाऱ्यावरची वीज खरंच आली, त्याला कोणी नुसती हिशेबाची चलाखी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. पण त्याच काळात तिथला कारखानदारीचा मोठा भाग बाहेर गेला आणि लोक वापरतात तो माल बाहेरून येऊ लागला. आयात मालातला धूर मोजला की घट बरीच कमी भरते. स्वित्झर्लंडचं तर याहून ठळक आहे: तिथले लोक वापरतात त्या वस्तूंमागचा धूर देशाच्या हद्दीत निघणाऱ्या धुराच्या दुपटीहून जास्त आहे.

मग वही बदलून टाकावी का? जो वापरतो त्याच्या नावावर सगळं लिहावं? ऐकायला हे न्याय्य वाटतं आणि काही काळ मलाही तेच वाटत होतं. आता वाटत नाही. भट्टी बदलण्याचा अधिकार भट्टीच्या देशातल्या सरकारकडे असतो. सगळा भार खरेदीदाराच्या नावावर टाकला तर त्या सरकारला भट्टी सुधारायचं कारणच उरत नाही. शिवाय चीनचा धूर हा सगळा पाश्चात्त्यांसाठी केलेल्या मालाचा आहे, हा समज आकड्यांवर टिकत नाही. निर्यातीतून बाहेर जाणारा हिस्सा साधारण दहाव्या भागाच्या आसपास आहे, उरलेला त्या देशाच्या स्वतःच्या शहरांचा, रस्त्यांचा, विजेचा आहे. एका वहीच्या जागी दुसरी आणून भागणार नाही. दोन्ही शेजारी शेजारी उघड्या हव्यात.

असं पूर्वी एकदा झालेलं आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल कराराचं यश सगळे सांगतात. ओझोन खाणाऱ्या रसायनांचं उत्पादन आणि वापर जवळपास संपला, जगातल्या प्रत्येक देशाने त्यावर सही केली, थर हळूहळू भरून येतो आहे. हे कसं जमलं, याचं उत्तर देताना पर्यायी रसायनं मिळाली, उत्पादक मोजकेच होते, असं सांगतात. ते खरंच आहे. पण त्या कराराची वही बघा. तिच्यात प्रत्येक देशाला दोन आकड्यांवर मर्यादा होती. एक उत्पादन. दुसरा वापर, आणि वापराची व्याख्या करारातच लिहिलेली: उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. म्हणजे कारखाना शेजारच्या देशात नेऊन हात झटकता येत नव्हते, कारण आयात तुमच्या नावावर लागत होती. आणि नुसतं विकतो, वापरत नाही असंही म्हणता येत नव्हतं, कारण उत्पादनही मोजलं जात होतं. करारात नसलेल्या देशांशी या रसायनांच्या व्यापारावर बंदी होती. गरीब देशांना मुदत जास्त दिली आणि कारखाने बदलायला वेगळा निधीही उभा केला. कार्बन हे या रसायनांपेक्षा शंभर पटींनी अवघड प्रकरण आहे, हे मला ठाऊक आहे. तरी वही दोन्ही बाजूंनी बांधलेली होती, हा त्या कराराचा धडा कार्बनच्या वेळी कोणी उचललाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

युरोपीय संघ सध्या जे करतो आहे ते या दिशेचं एक अर्धं पाऊल आहे. त्याला सीमेवरचा कार्बन कर म्हणता येईल. युरोपातल्या कारखान्याला धुराच्या प्रत्येक टनामागे परवाना घ्यावा लागतो आणि त्याला पैसे पडतात. बाहेरच्या कारखान्याला ते पडत नाहीत, म्हणून बाहेरून येणाऱ्या मालावरही त्याच दराने आकारणी करायची, अशी ही कल्पना. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन या सहा गोष्टींपासून सुरुवात झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी लागू झाली. माल जिथे बनला त्या देशात कारखान्याने आधीच कार्बनचे पैसे भरले असतील तर तेवढे वजा होतात.

भारत, चीन आणि इतर अनेक देशांनी यावर आक्षेप घेतला आहे. १९९२ च्या कराराचं एक तत्त्व आहे: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून कारखाने, रेल्वे आणि शहरं उभी केली, त्यांनी आता नव्याने उभं राहणाऱ्याच्या पोलादावर तोच दर लावायचा, हे या तत्त्वाला धरून नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. आणि तरीही ही व्यवस्था मोडीत काढावी असं मला वाटत नाही. कारण मालामागचा धूर कारखान्यागणिक मोजायची सवय तिने लावली. आजवर सरासरीच्या पांघरुणाखाली लपलेला मळकट कारखाना आणि त्याच्या शेजारचा स्वच्छ कारखाना आता वेगळे दिसू लागले. माझं भांडण आहे ते पैशाशी. गोळा होणारी रक्कम युरोपच्याच तिजोरीत राहते. ज्या देशांच्या मालावर ती आकारली जाते, त्यांच्याच भट्ट्या बदलायला ती परत गेली तर या कराचं सगळं रूप पालटेल. माँट्रियलने कारखाने बदलायला निधी दिला होता तो याच धर्तीवर.

आयातीची बाजू निदान चर्चेत तरी आली. निर्यातीची बाजू त्याहून अंधारात आहे. नॉर्वे बघा. तिथली जवळपास सगळी वीज पाण्यावर आणि वाऱ्यावर होते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊच्या आसपास विजेवरच्या होत्या. हद्दीतला हिशेब पाहिला तर आदर्श देश. पण समुद्रातून काढून बाहेर विकलेलं तेल आणि वायू जिथे जळतो तिथला धूर मोजला, तर तो नॉर्वेच्या स्वतःच्या धुराच्या साधारण दहापट भरतो. वहीच्या नियमाप्रमाणे त्यातला एक टनसुद्धा नॉर्वेच्या नावावर नाही. नॉर्वे काही लबाडी करत नाही, नियमच तसा आहे. ऑस्ट्रेलियाचा कोळसा, कतारचा वायू, सगळ्यांना तोच नियम. जमिनीतून काढणारा मोकळा आणि जाळणारा जबाबदार.

हा नियम हलायला लागला आहे, आणि तो हलवण्याचं काम परिषदांनी केलं नाही, न्यायालयांनी केलं. इंग्लंडच्या सरे परगण्यात एका तेलविहिरीला स्थानिक परिषदेने परवानगी दिली होती. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल झाला, पण त्यात फक्त विहिरीच्या जागेवरचा धूर मोजला: यंत्रांचा, ट्रकांचा. तेल पुढे जळणार, त्याचा धूर आमचा नाही, अशी भूमिका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० जून २०२४ ला तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: काढलेलं तेल जळणार हे निश्चितच असेल, तर त्याचा धूर अहवालात मोजलाच पाहिजे. न्यायालयाने विहिरीवर बंदी घातली नाही. परवानगी द्यायची तर द्या, पण काय करतो आहोत ते कागदावर मांडून द्या, एवढंच सांगितलं. एवढ्यानेही केवढा फरक पडला! जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने याच आधारावर उत्तर समुद्रातल्या रोझबँक आणि जॅकडॉ या दोन मोठ्या क्षेत्रांच्या परवानग्या रद्द ठरवल्या.

मग हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत हृद्य वाटते. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की जगातल्या सर्वोच्च न्यायालयाला विचारायचं: हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय? वानुआतू या छोट्या देशाने ते उचलून धरलं, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं. ते सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, त्याने कोणाला दंड होत नाही. पण त्यात म्हटलं आहे की हवामानाचं रक्षण करण्यात कसूर करणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने चुकीचं कृत्य ठरू शकतं, आणि अशा कसुरीत जीवाश्म इंधनांच्या वापराबरोबर त्यांचं उत्पादन, शोधाचे परवाने आणि अनुदानंही धरली आहेत. काढणारा मोकळा, हा इतक्या वर्षांचा नियम आता बिनबोभाट चालणार नाही.

इथे कोणी विचारेल, पॅरिस कराराचं काय? तो तर याच सगळ्यासाठी झाला ना? पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं असतं. वरून कोणी आकडा लादत नाही. असं का, हे समजायचं तर १२ डिसेंबर २०१५ ची संध्याकाळ बघावी लागेल. पॅरिसजवळ ल बुर्जेच्या सभागृहात सगळे देश जमले होते, अंतिम मसुदा वाटून झाला होता, आणि सभा सुरूच होईना. झालं होतं असं: श्रीमंत देश आपला एकूण धूर कमी करण्याची उद्दिष्टं ठेवतील, या कलमात इंग्रजी मसुद्यात 'शुड' ऐवजी 'शॅल' पडला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर 'करावं' च्या जागी 'केलंच पाहिजे'. अमेरिकेच्या वकिलांच्या ते लक्षात आलं. 'केलंच पाहिजे' असेल तर करार अमेरिकेच्या सिनेटपुढे न्यावा लागणार आणि तिथे दोन तृतीयांश मतं मिळण्याची शक्यता शून्य. बराच वेळ सभागृहाच्या कडेला घोळके जमले, कानगोष्टी चालल्या. शेवटी व्यासपीठावरून छपाईच्या चुकांची यादी वाचावी तशी दुरुस्त्यांची यादी वाचली गेली, त्यात हा शब्दही बदलला, आणि अध्यक्ष लोराँ फाबियुस यांनी लगेच हातोडा आपटला. एका शब्दावर जगाचा करार टांगलेला होता.

एवढं जपूनही अमेरिका त्यात टिकली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात बाहेर, २०२१ च्या फेब्रुवारीत परत आत, २० जानेवारी २०२५ ला पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश.

उद्दिष्ट स्वतःच ठरवायचं म्हटल्यावर प्रत्येक देश आपल्याला शोभेल असा आरसा निवडतो. युरोप १९९० शी तुलना करतो, कारण तेव्हा त्याचा धूर जास्त होता. अमेरिकेने २००५ घेतलं, कारण तिचा धूर त्या सुमारास शिखरावर होता. रशियाला १९९० सोयीचं, कारण सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बंद पडले आणि काहीही न करता आलेख खाली आला. भारत एकूण धुराऐवजी उत्पन्नाच्या दर रुपयामागचा धूर मोजतो: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांनी कमी करायचा. अजून गरिबीतून वर येणाऱ्या देशासाठी हे माप मला योग्यच वाटतं. पण वाचणाऱ्याला हे माहीत हवं की या मापात उद्दिष्ट पुरं होतं आणि एकूण धूर वाढतोही, दोन्ही एकाच वेळी. यापुढे 'अमुक देश अमुक टक्के कपात करणार' अशी बातमी वाचलीत की आधी बघा, कशाच्या तुलनेत, आणि कशामागे.

तरीही पॅरिस करारात एक गोष्ट खरोखर दमदार आहे आणि तिची बातमी कधी होत नाही. उद्दिष्ट ऐच्छिक, पण हिशेब देणं सक्तीचं. प्रत्येक देशाने दर दोन वर्षांनी ठरलेल्या नमुन्यात अहवाल द्यायचा आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासायचा. पहिल्या अहवालांची मुदत २०२४ च्या अखेरीस होती. सगळ्यांत गरीब देशांना आणि छोट्या बेटांना यात सवलत आहे, पण चीन, भारत, ब्राझील, सगळ्यांना नमुना एकच लागू आहे. परिषदेतल्या भाषणांपेक्षा या कंटाळवाण्या तक्त्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

पैशाच्या वहीबद्दल मात्र मला संताप येतो, तो लपवत नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला: २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. आकडा पार झाला तो २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. आणि तो कसा मोजला? त्यातला सरकारी पैसा बहुतांशी कर्जाच्या रूपात होता आणि कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून धरली. मी तुम्हाला शंभर रुपये उसने दिले, व्याजासकट परत घेतले आणि जगाला सांगितलं की शंभर रुपये दिले, असा हा प्रकार. ज्या देशाचा किनारा वादळाने पुन्हा पुन्हा धुऊन नेला, तो त्या नुकसानीचे हप्ते फेडत बसतो. अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२४ मध्ये हा आकडा २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज करायचं ठरलं. त्यातलं किती अनुदान आणि किती कर्ज, हे तिथेही ठरलं नाही.

शेवटी वहीतून गळलेल्या गोष्टी. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं. त्यातून निघालेला कार्बन इतका होता की त्या वर्षी जीवाश्म इंधनांतून त्याहून जास्त धूर फक्त चीन, अमेरिका आणि भारताचाच निघाला. कॅनडाच्या राष्ट्रीय बेरजेत तो धरला जात नाही, कारण वणवा ही नैसर्गिक आपत्ती मानली आहे. लाकडाच्या गोळ्या जाळून वीज करणाऱ्या देशाच्या वहीत त्या धुराचा आकडा शून्य असतो, कारण झाड जिथे तोडलं तिथे त्याची नोंद व्हावी असा संकेत आहे. सैन्यांचा धूर सांगण्याची पॅरिस करारात सक्तीच नाही. लढाऊ विमानं, रणगाडे आणि युद्धनौका काय जाळतात, हे एकतर कोरं राहतं नाहीतर इतर रकान्यांत मिसळून जातं. जगात एकाच वेळी इतकी युद्धं चाललेली असताना ही कोरी जागा अस्वस्थ करते.

आणि जहाजं. मघाची ती पोलादाची तुळई समुद्र ओलांडत होती तेव्हा जहाजाने जे इंधन जाळलं ते कोणाचं? निघाली त्या बंदराच्या देशाचं, पोचली त्या देशाचं, की जहाजावर ज्याचा झेंडा आहे त्या देशाचं? पॅरिसच्या आधीच्या, १९९७ च्या क्योटो हवामान करारात यावर एकमत झालं नाही आणि प्रश्न लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला. जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के वायू सोडणाऱ्या या व्यवसायातला आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचा धूर कोणत्याच देशाच्या नावावर नाही. एप्रिल २०२५ मध्ये या संघटनेने ६३ विरुद्ध १६ मतांनी एक आराखडा मंजूर केला: मोठ्या जहाजांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडला तर टनामागे पैसे भरायचे आणि त्यातून निधी उभा करायचा. एका संपूर्ण जागतिक उद्योगावर धुराचा दर लावणारा हा पहिलाच नियम ठरला असता. ऑक्टोबरात त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. त्याआधी अमेरिकेने पाठिंबा देणाऱ्या देशांना व्हिसाबंदीची आणि बंदरातल्या जादा शुल्काची धमकी दिली. सभेत सौदी अरेबियाने निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्याचा ठराव मांडला आणि तो ५७ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला.

श्रीमंत देश दर वर्षी संयुक्त राष्ट्रांना जे तक्ते पाठवतात, त्यांत वीज, कारखाने, वाहतूक, शेती, कचरा यांचे रकाने असतात आणि त्यांची एकूण बेरीज. आंतरराष्ट्रीय जहाजांसाठी आणि विमानांसाठी देशात भरलेलं इंधनही तिथे लिहिलेलं असतं, टनांपर्यंत काटेकोर. फक्त ते केवळ माहितीसाठी म्हणून वेगळं लिहितात. बेरजेत ते मिळवत नाहीत.